गुणाजीचा दुसरा फोटो

ठाकुर्ली,
४ ऑगस्ट १९८६

दादा,

नमस्कार. आमच्या घरात पाय ठेवणार नाहीस असं तू पोरीच्या बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोललेलास, आणि तुझ्या दारात येणार नाही असं मी बोललेली. म्हणून हे अंतर्देशीय. टपालखात्याशी आपलं काही भांडण नाही.

कामाचं सांगते. आमच्या ह्यांची पाठ गेलीय. मे महिन्यात कंपनीत रंगाचा ड्रम उचलताना कंबरेत कट्कन आवाज झाला, तेव्हापासून माणूस वाकडा चालतो. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत आग होते म्हणतात. चप्पल घालायची तर भिंतीला टेकून, आधी एक पाय, दम खाऊन दुसरा. कंपनीचे डॉक्टर उकिडवे इतके दिवस गोळ्या देत होते. आता म्हणतात, पाठीचा एक्स-रे फोटो काढून आण, त्यात काय दिसतं त्यावर हलकं काम द्यायचं की नाही ते ठरवू. कंपनीच्या लोकांचे फोटो टेंभी नाक्याला तुमच्याच क्लिनिकमध्ये निघतात. म्हणजे मशीनवर तू असणार.

बुधवारी येतील. त्यांच्याबद्दल तुझं मत काय आहे ते अख्ख्या चाळीला माहीत आहे. तेवढं त्या दिवशी घरी ठेवून ये. फोटो नीट काढ.

मंजुळा

*

टेंभी नाका, ठाणे,
९ ऑगस्ट १९८६

चि. मंजुळा,

आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहीत नाही.

तुझे गुणाजीराव आले. टेबलावर चढायला त्यांना सात मिनिटं लागली. टेबल अडीच फूट उंच आहे, हिमालय नाही. बाहेर चौदा पेशंट बसलेले आणि आत हे ‘आई गं, आई गं’. एका बाईंनी दार ढकलून विचारलं, आत बाळंतपण चाललंय का. कुशीवर वळा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना फासावर देतोय.

समोरून काढला, बाजूने काढला. फिल्म ओली असतानाच मला कळलं. मंजुळा, अठरा वर्षं मी हे काम करतोय, इतका देखणा मणका मी क्वचित पाहिला. एकावर एक पाच, नवीन बांधकामाच्या विटांसारखे. मधल्या जागा सारख्या, कडा साफ. शाळेत तक्ता म्हणून लावावा. आमच्या डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट लिहिला तो दोन शब्दांचा. काही नाही.

तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या पाठीला काही झालेलं नाही. झालं असेल तर ते कामाच्या इच्छेला, आणि ती फोटोत येत नाही. माणसं खोटं बोलतात, फोटो बोलत नाही. फोटोला बायको नसते, युनियन नसते आणि रजाही नको असते.

बारशाला मी ‘बसून खाणारा’ म्हणालो तेव्हा तुला राग आलेला. आता त्याचा रिपोर्ट आला.

सीताराम

*

ठाकुर्ली,
३० ऑगस्ट १९८६

दादा,

ह्यांनी विचारलं, सीतारामदादा काय लिहितात? मी म्हटलं, खुशाल आहेत म्हणे. तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली घातलंय.

तुझा दोन शब्दांचा रिपोर्ट घेऊन हे कंपनीत गेले. उकिडव्यांनी फोटो खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले आणि पाकिटात परत सरकवला. ‘काही नाहीये तुला. उद्यापासून ड्रमवर.’ हे म्हणाले, ‘साहेब, पायाला मुंग्या येतात.’ तर म्हणे, ‘घरात साखर सांडली असेल.’ कंपाउंडर हसला. घरी येऊन मला हे सांगताना हे स्वतःही थोडे हसले. ते मला जास्त लागलं.

चार दिवस गेले ड्रमवर. पाचव्या दिवशी ड्रम हातातून सुटला, बाजूच्या माणसाचा पाय थोडक्यात वाचला. आता पाळीतले लोक ह्यांना ‘फोटोतला पैलवान’ म्हणतात.

तुझ्या मशीनला दिसत नाही ते मला रोज दिसतं. मांडी घालता येत नाही म्हणून ओट्यावर ताट ठेवून उभ्याने जेवतात. पोरगी हात वर करते, उचल म्हणून, तेव्हा हे दुसरीकडे बघतात. शिंक येणार असं वाटलं की आधी दाराची चौकट धरतात. शिंकेचं नाटक कोण करतं रे?

अठरा वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुऊन तुझे डोळे त्या अंधाराला सरावलेत. उजेडात समोर उभा असलेला माणूस तुला दिसत नाही. असं होतं म्हणे काही पाखरांचं. ती निदान उलटी टांगून घेतात, दुसऱ्याला उपदेश करत नाहीत.

मंजुळा

*

टेंभी नाका, ठाणे,
८ सप्टेंबर १९८६

चि. मंजुळा,

शिंकेवरून निदान करणारी तू ठाणे जिल्ह्यातली पहिलीच. पाटी लाव दारावर.

तुला एक गोष्ट सांगतो, वाचून काही शिकलीस तर बघ. परवा कळव्याहून आवडाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगणात घसरून पडलेल्या. खुब्याचं हाड बघायचं होतं, फोटोत कंबरही आली. काय सांगू! मणके झिजलेले, मधल्या जागा संपलेल्या, कडांना हाडाचे काटे फुटलेले. जुन्या खाडीपुलाचे दगडसुद्धा यापेक्षा बरे असतील. मी म्हटलं, ‘आजी, कंबर फार दुखत असेल.’ तर म्हणाल्या, ‘कमरेला काय झालंय? दोन हंडे आणते मी नळावरून.’ आणि टुणकन टेबलावरून उतरल्या.

याला म्हणतात माणूस. जिच्या फोटोत सगळं मोडलेलं ती गप्प, आणि ज्याचा फोटो आरशासारखा स्वच्छ तो बाप्या ओरडतो. रोज वीस जण कंबर धरून येतात, रोज हेच बघतो. फरक फक्त मनाच्या ताकदीचा.

उपाय सांगतो. त्यांची खाट काढून घे. ‘कसं वाटतंय’ विचारायचं बंद कर. विचारलं की दुखतं.

पुढच्या महिन्यात क्लिनिकमध्ये नवीन परदेशी मशीन येतंय. मला वेळ नाही. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

सीताराम

*

(पोस्टकार्ड)

ठाकुर्ली,
१७ ऑक्टोबर १९८६

दादा,

मुद्दाम कार्डावर लिहितेय. पोस्टमनने वाचलं तरी चालेल, त्यालाही कळू दे.

कंपनीने ह्यांना चार्जशीट दिलीय. आजारपणाचं सोंग करून कामात कसूर. पुरावा म्हणून तुझा रिपोर्ट जोडलाय, नंबरासकट. जानेवारीत चौकशी, त्यानंतर नोकरी गेली असंच समजायचं. अकरा वर्षांत ह्यांचा एक खाडा नव्हता, ते कुणी जोडलं नाही.

अभिनंदन. तुझ्या फोटोने चांगलं काम केलं.

मंजुळा

*

टेंभी नाका, ठाणे,
५ डिसेंबर १९८६

चि. मंजुळा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड येऊन दीड महिना झाला. उत्तर दिलं नाही, कारण तू विचारलं काहीच नव्हतंस.

नवीन मशीन बसलं. त्याचे फोटो फार स्पष्ट येतात. जुन्या मशीनचे तितके भरवशाचे नव्हते असं आता वाटतं. गुणाजीरावांना पुन्हा पाठव, चौकशीच्या आधी. पैसे नकोत. घाई नाही, टेबलावर चढायला त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ देत.

तुझ्या त्या उकिडव्यांबद्दल लिहिलेलंस ते पुन्हा वाचलं. खिडकीकडे फोटो धरून माणसाची किंमत ठरवणारा हा कसला डॉक्टर? भाजीवालीसुद्धा दुधीला नख लावून बघते. त्याला फोटोशिवाय काही कळत नाही. ठीक आहे, त्याला फोटो देऊ.

गुणाजीराव आता मांडी घालतात का? नुसतं विचारलं.

सीताराम

*

ठाकुर्ली,
१४ जानेवारी १९८७

दादा,

तिळगूळ पाठवत नाहीये, गोड बोलायची अजून तयारी नाही. पण सांगायला हवं.

दुसरा फोटो घेऊन हे उकिडव्यांकडे गेले. तुमच्या डॉक्टरसाहेबांचा रिपोर्ट यावेळी पानभर. पाचवा मणका खालच्या हाडावरून पुढे सरकलाय, जागा संपलीय, काटे फुटलेत. उकिडव्यांनी फोटो खिडकीकडे धरला आणि धरूनच राहिले. मग म्हणाले, ‘बसा, गुणाजी.’ अकरा वर्षांत त्या खोलीत ह्यांना कोणी खुर्ची दिलेली नव्हती. कंपाउंडरला चहा सांगितला. ‘अहो, एवढं सोसून तुम्ही ड्रम उचलत होता?’ तोच डॉक्टर, तीच खिडकी आणि पाठसुद्धा तीच! चार्जशीट मागे घेतली. आता वजनकाट्यावर बसून गाड्यांची नोंद करायची.

घरी आल्यावर हे ओट्याला धरून रडले. मला वाटलं दुखतंय. म्हणाले, ‘दुखत नाही गं. खरं निघालं.’ दुखत होतंच, पण तसं म्हणाले.

तुझ्या जुन्या मशीनला मोतीबिंदू झालेला का रे? ‘फोटो खोटं बोलत नाही’ म्हणत होतास ना? मग ऑगस्टात तो काय करत होता, माझ्या नवऱ्याची थट्टा? तू चुकलास असं एका ओळीत लिहून पाठव. मी त्याला फ्रेम करून घेते.

उकिडव्यांनी कल्याणच्या एका मोठ्या सर्जनला चिठ्ठी दिलीय. पुढच्या महिन्यात दाखवायचं.

मंजुळा

*

टेंभी नाका, ठाणे,
१९ जानेवारी १९८७

चि. मंजुळा,

मी चुकलो. कर फ्रेम.

सर्जनकडे जायची गरज नाही. हलकं काम मिळालं, विषय संपला. फोटो कपाटात ठेवून दे आणि आणखी कुणाला दाखवत बसू नकोस. मोठे डॉक्टर मोठं काहीतरी काढतात. माझं ऐक.

सीताराम

*

ठाकुर्ली,
२५ फेब्रुवारी १९८७

दादा,

तुझं ऐकण्याची सवय मी लग्नानंतर सोडली.

काल सर्जनकडे गेलेलो. दोन तास बाकावर, दोन मिनिटं आत. फोटो भिंतीवरच्या दिव्यावर लावला, ह्यांच्याकडे पाठ करूनच बोलले. ‘ऑपरेशन. मणका मागे घेऊन हाड बसवावं लागेल. नाही केलं तर पाय लुळे पडतील.’ मी म्हटलं, डॉक्टर, ह्यांना एकदा तपासून बघा ना. म्हणाले, ‘बाई, तपासलंय की. हे काय लावलंय समोर?’

सोमवार, ९ मार्चची तारीख दिलीय. खर्च कंपनी करणार. मला धडकी भरलीय, पण हे एकदम तयार. गावाला पत्र टाकलं. कल्याणच्या बाजारातून नवीन लुंगी आणलीय इस्पितळात घालायला. मी रडायला लागले तर मलाच समजावतात, ‘अगं, इतकं खरं आहे की कापायला तयार झालेत.’ माणूस असं बोलायला लागतो, दादा, त्याला खोटा ठरवला की.

सही करायला माझ्याबरोबर कुणीतरी हवं. तू फोटोतलं जाणतोस. बारशाचं सोड आता. ये.

मंजुळा

*

३ मार्च १९८७

मंजुळा,

हे टपालाने पाठवत नाही. पोचायला आठवडा लागला तर उशीर होईल. तू दुपारी नळावर गेलीस की दाराखालून सरकवून जाणार आहे. दार वाजवायची हिंमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ऑपरेशन थांबव. तो फोटो गुणाजीरावांचा नाही. माझा आहे.

नोव्हेंबरात मशीन बसवायला इंजिनियर आलेला. चाचणीसाठी कुणीतरी आडवं व्हायला हवं होतं, मी झालो. फिल्म मीच धुतली. लाल दिव्यात वर धरली आणि पहिल्यांदा वाटलं, कुणा दुसऱ्याची हातात आली. पाचवा मणका बोटभर पुढे सरकलेला. त्याच्याखालची जागा नाहीशी झालेली. माझं वय सेहेचाळीस. दिवसाचे दहा तास उभा असतो, पेशंट उचलतो, शिशाचा एप्रन घालून वावरतो. एक दिवस, मंजुळा, एकही दिवस माझी कंबर दुखलेली नाही.

गुणाजीरावांच्या जुन्या फिल्मची क्लिनिकमधली प्रत काढून शेजारी लावली. नुसत्या फोटोंवरून मी स्वतःच दोघांची निवड केली असती, तर मला ऑपरेशनला आणि त्यांना ड्रमवर पाठवलं असतं. अठरा वर्षं मी माणसांना त्यांच्या हाडांवरून खरं-खोटं ठरवत होतो. ती आवडाबाई मला तोंडावर सांगून गेली आणि मी तिची गोष्ट तुलाच ऐकवली, शहाणपणा म्हणून!

त्यांना जे झालंय ते हाडाचं नसणार. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून नस दाबते. ती गादी आमच्या फोटोत उमटतच नाही. हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. प्रत्येक मुकादमाला ठाऊक असतं की भिंतीत वाळवी असू शकते. पण भिंत सरळ दिसली की कोण पाहतो?

हे सगळं उकिडव्यांना सांगायला हवं होतं. पण तो माणूस ऐकणार नाही, त्याला फोटो लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. तुझ्यासमोर ‘मी चुकलो’ म्हणण्यापेक्षा ते जुन्या मशीनवर ढकलणं सोपं होतं. डिसेंबरात गुणाजीराव आले, त्यांचा फोटो काढला, तो पुन्हा तसाच स्वच्छ आला. मी तो फाडला आणि माझ्या फिल्मवर पांढऱ्या शाईने त्यांचं नाव लिहिलं. त्यांना यातलं काही माहीत नाही. जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

मला वाटलं, एका खोट्या कागदाने एक खरी गोष्ट पुढे सरकेल, बास. चाकूपर्यंत जाईल असं वाटलं नाही. तपासल्याशिवाय कोणी चिरायला निघेल असं वाटलं नाही. म्हणजे बघ, एवढं होऊनही माझा त्या लोकांवर केवढा विश्वास.

सीताराम

*

ठाकुर्ली,
१३ मार्च १९८७

सीताराम यांस,

ऑपरेशन रद्द केलं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ‘दहा महिन्यांत पहिल्यांदा लोकांनी माझं खरं धरलं. आणि पाठ सीतारामदादांची होती.’ नवीन लुंगी घडी करून ट्रंकेत ठेवली. बास, एवढंच. तू शिव्यांच्या लायकीचा होतास, त्या त्यांनी दिल्या नाहीत. मी देते, पण पत्रात मावणार नाहीत.

काल ते उकिडव्यांकडे गेले. मी बरोबर होते, दारात उभी. दोन्ही फोटो नेलेले, नावांवर चिकटपट्टी लावलेली. म्हणाले, ‘साहेब, दोन माणसांचे आहेत, जरा बघता का?’

उकिडव्यांनी पहिला धरला. ‘हा ठणठणीत आहे. काय तक्रार आहे याची?’

‘आणि दुसरा?’

‘हा तर तुझाच दिसतोय. पट्टी कशाला लावलीस? याला उठता-बसता येत नसणार.’

ह्यांनी पट्ट्या काढल्या. ‘पहिला मी. दुसऱ्यावर नाव माझं आहे, पाठ माझ्या मेहुण्याची. त्याला जन्मात कधी दुखलेलं नाही. त्याच्या पाठीवर तुम्ही मला चहा पाजलात.’

मग आरडाओरडा. फसवणूक, पोलीस, कामावरून काढतो. हे म्हणाले, ‘बोलवा पोलिसांना. त्यांच्यासमोर पण दोन्ही फोटो खिडकीत धरा आणि सांगा कुणाला दुखतंय.’

उकिडव्यांनी उठून दार लावलं. माझ्या तोंडावर नाही, मी आतच शिरले. जरा वेळाने, का कोण जाणे, म्हणाले, ‘झोप टेबलावर.’ ह्यांचा डावा पाय सरळ ठेवून टाचेखाली हात घालून उचलला. वीतभर वर गेला असेल, हे असे किंचाळले की बाहेरचा कंपाउंडर धावत आला. यावेळी हसला नाही. उकिडव्यांनी अंगठा दाबून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाचा हात ह्यांच्या अंगाला लागला. म्हणाले, ‘नस दबलीय रे.’ जसा काही शोध लावला.

वजनकाटा राहिला. दयेने नाही. दोन वेळा दोन तऱ्हेने सही केलीय ना, ते बाहेर जाऊ नये म्हणून. दोन्ही फोटो द्या म्हणत होते, ह्यांनी दिले नाहीत.

तुझ्या डॉक्टरसाहेबांना सांगितलंस का? नसशीलच. तू दुसऱ्यांच्या हाडांबद्दल शूर. मला लिहू नकोस.

मंजुळा

*

टेंभी नाका, ठाणे,
२२ नोव्हेंबर १९८७

श्री. गुणाजीराव यांस सीतारामचा नमस्कार.

हे ‘राव’ या वेळी टोमणा म्हणून नाही. मंजुळेने लिहू नको सांगितलंय, म्हणून तुम्हाला लिहितो. तिला दाखवायचं की नाही ते तुम्ही बघा.

डॉक्टरसाहेबांना मी मार्चमध्येच सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या. बरोबर केलं. आता नाक्याजवळच एका स्टुडिओत आहे. पासपोर्टचे फोटो काढतो, फिल्मा धुतो. लोक म्हणतात, आमचा फोटो आमच्यासारखा आला नाही. मी म्हणतो, येत नाही तो कधी.

हे सांगायला पत्र लिहिलं नाही. दुसरी गोष्ट आहे आणि ती कुणाला सांगायची लाज वाटते. माझी कंबर दुखायला लागलीय. त्या दिवशी तो फोटो बघेपर्यंत कधी दुखली नव्हती. आधी नुसतं वाटायचं, वाकताना मणका आणखी सरकेल की काय. मग वाकायचं बंद केलं. मग बादली उचलायची. आता पट्टा आणलाय, तो लावल्याशिवाय जिना उतरत नाही. उठताना तोंडातून ‘आई गं’ निघतं. मला कळतं की हे फोटोचं दुखणं आहे, पाठीचं नाही. कळून उपयोग होत नाही, खरंच दुखतं. आता याला काय म्हणायचं? तुम्हाला मी जे म्हणालो तेच मला कुणी म्हटलं तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? उलट माझ्याकडे दाखवायला फोटो आहे, आणि तोच सगळ्यात मोठं खोटं आहे.

माफी मागायची होती. तिची सुरुवात कशी करतात ते येत नाही.

सीताराम

*

ठाकुर्ली,
१ डिसेंबर १९८७

सीतारामदादांना गुणाजीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुका असतील.

तुमचं पत्र मंजुळेला दाखवलं. ती म्हणाली, ‘बरं झालं, दुखू दे.’ तिचं मनावर घेऊ नका. मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, पट्टा कसला आणलाय.

माझी तब्येत आता चांगली. कशाने झाली ते सांगता येत नाही. काट्यावर बसून कंटाळा यायचा, म्हणून उठून फेऱ्या मारायचो. मग संध्याकाळी रुळाच्या कडेने थोडं चालायला लागलो, आधी पत्रीपुलापर्यंत, हळूहळू कल्याणपर्यंत. पायातली आग पावसाळ्यात कमी झाली. गणपतीत खाली बसून जेवलो. पोरीला उचलतो. कधीकधी अजून कळ येते, आली की थांबतो आणि गेली की चालतो. कुणी औषध विचारलं तर मी सांगतो, मला माहीत नाही. उकिडवे साहेब मात्र नवीन लोकांना सांगतात, गुणाजीला मी बरा केला. सांगू देत.

तुम्हाला मार्चमध्ये मी काही बोललो नाही, कारण राग फार होता. तुम्ही मला खोटा म्हणालात त्याचा कमी. नमस्कार करून गेलो तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत आणि गप्प राहिलात, त्याचा जास्त. अजून आहे थोडा. पण तुम्ही तुमच्या डॉक्टरला स्वतः सांगितलंत हे मला माहीत नव्हतं.

आता तुमच्या पाठीचं. तुम्ही विचारता याला काय म्हणायचं. तुम्ही म्हणता दुखतंय, म्हणजे दुखतंय. मला फोटो बघायची गरज नाही.

पट्टा काढा आणि रविवारी या. आपण हळूहळू चालत कल्याणपर्यंत जाऊन येऊ. मंजुळा तुमच्याशी बोलेलच असं नाही. पण जेवायला वाढेल, मी तिला विचारलंय.

गुणाजी